वाचक विचारतात : कर्ता माणूस गेल्यावरची मदत, थांबलेला हप्ता आणि कापलेला टीडीएस

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान नुकतेच हृदयविकाराने वारले. वय 41, गवंडीकाम करायचे. पदरी 9 आणि 12 वर्षांची दोन मुलं. बहिणीला लाडकी बहीणचे पैसे येतात. संजय गांधी निराधारचाही अर्ज करावा का? (वाचक, बार्शी)

उत्तर : सुरुवात निराधारच्या अर्जाने करू नका. आधी यजमानांचं बँकेचं पासबुक भरून आणा आणि मे-जूनच्या सुमारास 436 रुपये कापल्याची नोंद आहे का ते पाहा. असेल, तर तो जीवनज्योती विम्याचा हप्ता आहे आणि वारसाला 2 लाख रुपये मिळतात. मृत्यू कशानेही झाला तरी हे लागू आहे. फक्त विमा नवा असेल तर पहिल्या 30 दिवसांत अपघाताशिवायचा मृत्यू धरत नाहीत. 20 रुपयांची नोंद अपघात विम्याची, ती इथे उपयोगाची नाही. दावा बँकेच्या त्याच शाखेत करायचा. शाखा आपणहून कळवेल या भरवशावर राहू नका. घरात कुणाला ठाऊक नसल्यामुळे हे पैसे मागायचेच राहून जातात.

दुसरं, ते बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेले होते का? स्मार्ट कार्ड किंवा नूतनीकरणाची पावती शोधा. नोंदणी चालू असेल तर नैसर्गिक मृत्यूसाठी वारसाला 2 लाख आणि विधवा पत्नीला पाच वर्षं दरवर्षी 24,000 रुपये मिळतात. नूतनीकरण चुकलेलं असेल तर अर्ज तिथेच अडतो, म्हणून पावतीवरची तारीख आधी बघा.

तिसरं, दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी 20,000 रुपये मिळतात. कमावती व्यक्ती 18 ते 59 वयाची असावी लागते, ते इथे बसतं. अर्ज तहसील कार्यालयात, आणि तो लांबणीवर टाकू नका.

चौथी गोष्ट मुलांची, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची: बालसंगोपन योजना. एक पालक गमावलेल्या मुलाला 18 वर्षांचं होईपर्यंत दरमहा 2,250 रुपये मिळू शकतात. दोन मुलांचे 4,500 झाले. यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जायचं. मंजुरी बालकल्याण समिती देते. वडिलांच्या मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे बोनाफाईड, मुलांची आधार कार्डं, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा.

आता निराधार. तिथेही 1,500 आणि लाडकी बहीणलाही 1,500, आणि दोन्ही एकत्र मिळत नाहीत. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला 1,500 किंवा जास्त येत असतील तर लाडकी बहीणसाठी बाई अपात्र ठरते. शिवाय निराधारसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत, म्हणजे महिन्याला 1,750, किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं. आजच्या काळात ही मर्यादा अन्यायाची आहे, ती वाढायलाच हवी. लाडकी बहीण सुरळीत चालू असेल तर त्यात हात घालू नका.

मृत्यूचा दाखला काढतानाच नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे ना, ते तपासा. सगळे अर्ज याच कागदावर उभे राहतात.

प्रश्न : आईचे श्रावणबाळचे पैसे थांबले. बँक म्हणते आधार लिंक आहे. (वाचक, चिपळूण)

उत्तर : बँक खोटं बोलत नाही, पण प्रश्न दुसराच आहे. केवायसीसाठी आधार खात्याला जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे कुठल्या बँकेत जमा करायचे याच्या एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) नोंदीत ते चढवणं वेगळं. त्या नोंदीत एका आधारला एका वेळी एकच बँक असते, शेवटी जोडलेली. मधल्या काळात कुणी कॅम्पमध्ये किंवा दुकानात अंगठा घेऊन नवं खातं उघडलं असेल, तर पैसे तिकडे जमा होत असतील. मायआधार संकेतस्थळावर आईच्या मोबाइलवरच्या ओटीपीने ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. तिथे बँकेचं नाव दिसेल. नको ती बँक असेल तर हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा अर्ज द्या आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा.

नोंद बरोबर निघाली, तर हयातीचा दाखला राहिला असेल. तहसीलच्या संजय गांधी शाखेत विचारा.

प्रश्न : मी सोसायट्यांची वायरिंगची कामं ठेक्याने घेतो. 2025-26 मध्ये 5 लाख जमा झाले, त्यातून 5,000 टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) गेला. सामान वगैरे जाऊन 3.5 लाख उरतात. 12 लाखांपर्यंत कर नाही, मग विवरणपत्र कशाला? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : भरलं नाही तर ते 5,000 सरकारकडेच राहतील. नव्या करपद्धतीत 4 लाखांपर्यंत मुळातच कर नाही, म्हणजे तुमचा सगळा टीडीएस परत मिळायला हवा. (4 ते 12 लाखांच्या दरम्यान कर निघतो आणि कलम 87अ च्या सवलतीने शून्य होतो; तिथे विवरणपत्र भरावंच लागतं.)

आधी 26एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, सगळी कपात दिसते का पाहा. एखाद्या सोसायटीची दिसत नसेल तर त्यांनी टीडीएसचं विवरण भरलेलं नाही किंवा तुमचा पॅन चुकवला आहे. दुरुस्ती त्यांनाच करायला लावा. मग आयटीआर-4 हा विवरणपत्राचा फॉर्म भरा. छोट्या धंद्यांसाठीच्या कलम 44एडीमध्ये बँकेतून आलेल्या रकमेचा किमान 6 टक्के आणि रोखीचा 8 टक्के नफा दाखवता येतो, पण खरा नफा जास्त असेल तर तोच लिहायचा. वेळ उलटली तरी 31 डिसेंबर 2026 पर्यंत भरता येतं आणि 4 लाखांच्या आत उत्पन्न असल्याने विलंब शुल्कही लागत नाही. बँक खातं पोर्टलवर प्रमाणित हवं आणि पॅन-आधार जोडलेलं हवं. भरल्यावर 30 दिवसांत ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. परताव्याच्या टक्केवारीवर काम करणारा कुणी खोट्या वजावटी घालून रक्कम फुगवायला सांगेल, तर त्याला पॅन देऊ नका. नोटीस तुमच्या नावाने येते.