प्रवासात आईचे पाणी बंद!

प्रश्न : नाशिकहून पुण्याला गाडीने जाताना माझी आई (वय ७०) आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळीही सुरू आहे. कुठे आणि कितीदा थांबावे?

उत्तर : पाणी तोडणे आधी थांबवा. लघवी घट्ट झाली की मूत्राशयाला झोंबते, घाई उलट वाढते आणि संसर्गाची भीती वेगळीच. दर अर्ध्या तासाला चार-पाच घोट द्या. कमी करायचा तो चहा.

गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. काही गोळ्यांचा जोर पहिल्या दोन तासांतच असतो; निघताना घेतली तर तो सिन्नर-संगमनेरच्या दरम्यान गाठणार. त्या दिवशी मुक्कामी पोचून घेतली तर चालेल का, एवढेच विचारा. मनाने बदल नको.

अंतर सुमारे २१० किलोमीटर. पहिला थांबा संगमनेर, चंदनापुरी घाट लागण्याआधी. दुसरा नारायणगाव. तिसरा राजगुरुनगर, आणि हा चुकवू नका: पुढे चाकणच्या कोंडीत अडकलात तर उतरायला जागा नाही. आईंना ‘लागली का?’ विचारू नका, त्या ‘नाही’च म्हणतील. सरळ गाडी थांबवा.

पेट्रोलपंपावर कुलूप दिसले तर किल्ली मागा. इंधन भरलेच पाहिजे असे नाही. गुडघे दुखत असतील तर कमोड आहे का, हे आधी कुणीतरी आत जाऊन पाहावे. सोबत पाण्याची भरलेली बाटली, कागदी साबण आणि सुतळी ठेवा. कडी तुटकी असतेच.