टेक लाइव्हची नवी आवृत्ती टाकताना आपल्या स्वतःच्या स्टाइल आणि क्लास फाइल्स कशा टिकवायच्या?

तुमचा प्रश्न असा आहे: टेक लाइव्ह २०२२ वर (लाटेक या टाइपसेटिंग प्रणालीचे प्रोग्रॅम आणि पॅकेजेस एकत्र देणारा संच) प्रबंध चालू आहे, विद्यापीठाची क्लास फाइल (प्रबंधाची मांडणी ठरवणारी) आणि कुणीतरी दुरुस्त करून दिलेली संदर्भसूचीची बीएसटी फाइल तुम्ही थेट टेक लाइव्हच्या स्वतःच्या 'टेक्सएमएफ-डिस्ट' फोल्डरात टाकली आहे. आता २०२५ घेतलं तर त्या पुसल्या जातील का?

पुसल्या जाणार नाहीत, पण नव्या आवृत्तीला सापडणारही नाहीत. टेक लाइव्हच्या मूळ इन्स्टॉलरने टाकलेली प्रत्येक वर्षाची आवृत्ती त्या वर्षाच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरात बसते. २०२५ टाकल्यावर २०२२ चं फोल्डर जागेवरच राहतं, तुमच्या फाइल्सही त्यातच राहतात. खरा धोका चालू वर्षाच्या आतल्या अपडेटचा असतो. टीएलएमजीआर (टेक लाइव्हचा अपडेट करणारा प्रोग्रॅम) एखादं पॅकेज अद्ययावत करतो तेव्हा त्या पॅकेजच्या फाइल्स बदलून टाकतो. मूळच्याच नावाच्या फाइलमध्ये तुम्ही चार ओळी घातल्या असतील तर त्या तेव्हाच जातात, आणि कुणी विचारतही नाही. लिनक्सच्या पॅकेज मॅनेजरमधून टेक लाइव्ह घेतलं असेल तर वर्षाचं वेगळं फोल्डर नसतं, त्यामुळे मोठ्या अपग्रेडलाही हेच होतं.

म्हणून 'डिस्ट' हे झाड (म्हणजे एकात एक फोल्डरांची रचना) वितरणाचं, त्यात आपण हात घालायचा नाही. आपल्यासाठी दोन झाडं मुद्दाम ठेवलेली आहेत. पहिलं 'टेक्सएमएफ-लोकल'. ते वर्षांच्या फोल्डरांच्या शेजारी असतं, त्यांच्या आत नाही, म्हणून प्रत्येक नवी आवृत्ती तेच वाचते. प्रयोगशाळेतल्या सामायिक मशीनसाठी ते योग्य. दुसरं तुमच्या होम फोल्डरातलं 'टेक्सएमएफ' (मॅकवर ते 'लायब्ररी'च्या आत). एकट्याच्या लॅपटॉपवर मी नेहमी हेच वापरते, कारण त्याला अ‍ॅडमिनची परवानगी लागत नाही आणि होम फोल्डरच्या बॅकअपमध्ये ते आपोआप येतं. टेक लाइव्हऐवजी मिकटेक हा दुसरा संच असेल तर त्याच्या कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये 'डिरेक्टरीज'खाली आपलं फोल्डर जोडावं लागतं.

फाइल्स नुसत्या त्या फोल्डरात ओतून चालत नाही. आतली रचना ठरलेली आहे: क्लास आणि स्टाइल फाइल्स 'टेक'मधल्या 'लाटेक'खाली तुमच्या नावाच्या उपफोल्डरात, बीएसटी 'बिबटेक'मधल्या 'बीएसटी'खाली. होमच्या झाडात एवढं पुरतं. 'लोकल'मध्ये टाकलं तर नंतर एमकेटेक्सएलएसआर ही आज्ञा चालवून यादी नव्याने बनवावी लागते, कारण ते झाड फाइलनावांच्या तयार यादीतून शोधलं जातं आणि यादीत नसलेली फाइल समोर असूनही दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: बदललेल्या फाइलला नवं नाव द्या. शोध आधी होममध्ये होतो, मग लोकलमध्ये, शेवटी डिस्टमध्ये. म्हणजे मूळच्याच नावाची तुमची प्रत होममध्ये असेल तर तीच कायम उचलली जाईल, नव्या आवृत्तीत मूळ पॅकेज कितीही सुधारलेलं असलं तरी. लाटेकचा गाभा २०२० नंतर पुष्कळ बदलला आहे. एक्सपीएल३ (लाटेकचा नवा प्रोग्रॅमिंग स्तर) आता त्यात आधीच भरलेलं असतं, त्यामुळे त्याच्याशी जोडलेली जुनी फाइल आड आली की 'मिसमॅच्ड लाटेक सपोर्ट फाइल्स' अशी चूक येते आणि माणूस नव्या आवृत्तीला दोष देत बसतो. नाव बदललंत की हा गोंधळ उरत नाही. क्लास किंवा स्टाइल फाइल असेल तर आतल्या 'प्रोव्हाइड्स'च्या ओळीतही नवं नाव आणि तारीख लिहा, आणि काय बदललं ते वर दोन ओळींत नोंदवा. पाच वर्षांनी तुमच्या जागी बसणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा फार उपयोग होतो.

कुठल्या फाइल्स हलवायच्या हे आठवणीवर सोडू नका. जुन्या आवृत्तीतच प्रबंध 'रेकॉर्डर' पर्याय लावून एकदा चालवा. उघडलेल्या प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता एफएलएस फाइलमध्ये मिळेल. बीएसटीचं नाव बिबटेकच्या (संदर्भसूची बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) बीएलजी नोंदीत असतं. एखाद्या नावाबद्दल शंका आली तर केपीएसईविच या फाइल शोधणाऱ्या प्रोग्रॅमला ते नाव द्या, नेमकी कुठली प्रत वापरली जाते ते तो सांगतो.

प्रबंध मराठीत असेल आणि झीलाटेक किंवा लुआलाटेक (लाटेकची युनिकोड चालवणारी रूपं) वापरत असाल तर शोभिकासारखे ओपनटाइप फॉन्ट त्रास देत नाहीत. त्यांना मॅप फाइल (फॉन्टचं नाव त्याच्या फाइलशी जोडणारी यादी) लागत नाही. पीडीएफलाटेकसाठी जुने टाइप १ फॉन्ट स्वतः बसवले असतील तर मात्र त्यांच्या मॅपची नोंद 'लोकल'मधल्या 'वेब२सी'खालच्या अपडमॅप सीएफजीमध्ये करा आणि नव्या आवृत्तीत अपडमॅप-सिस ही आज्ञा पुन्हा चालवा.

तुमच्या बाबतीत मी थोडं वेगळं करेन. क्लास आणि बीएसटी एकाच प्रबंधासाठी असतील तर त्या मुख्य फाइलच्या शेजारीच ठेवा. चालू फोल्डर सगळ्यांच्या आधी पाहिलं जातं, आणि मार्गदर्शकांना फोल्डर पाठवलं की त्यांच्याकडेही तसंच चालतं. मग २०२५ टाका, २०२२ राहू द्या, पाथ (कुठल्या आवृत्तीचे प्रोग्रॅम चालतील ते ठरवणारी सेटिंग) बदलून दोन्हींत प्रबंध चालवा आणि पीडीएफ शेजारी ठेवून पानं, तक्ते, संदर्भसूची ताडून पाहा. प्रबंध जमा होईपर्यंत २०२२ चं फोल्डर काढू नका.