आधारचा फोटो ग्रुपवर गेला, आता?

प्रश्न : महेश्वरच्या सहलीसाठी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांनी आधारचे फोटो टाकले, मीही टाकला. काढून टाकला की झालं का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : पुरतं नाही. 'डिलीट फॉर एव्हरीवन' साधारण दोन दिवसच चालतं. शिवाय ज्यांच्या गॅलरीत किंवा बॅकअपमध्ये फोटो गेला, तिथे तो राहू शकतो. तरी आजच काढा. मग एम-आधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे अंगठ्याच्या ठशाचा गैरवापर अडतो.

पुढच्या वेळी माय-आधार संकेतस्थळावर ओटीपीने शिरून मास्क्ड आधार डाउनलोड करा. त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. ओळखीच्यांपासून हे कसलं कुलूप! म्हणून तीही ग्रुपवर नको, फक्त बुकिंग करणाऱ्याला पाठवा.