पहिल्या बाटलीचं टिपण

व्हिस्की किंवा रम चाखून टिपण लिहायचं तर आधी लेबल वाच. कॅडनहेड किंवा गॉर्डन अँड मॅकफेलसारख्या स्वतंत्र बॉटलरच्या (दुसऱ्यांच्या डिस्टिलरीतली पिंपं घेऊन स्वतःच्या नावाने भरणाऱ्याच्या) बाटलीवर पिंपाचा प्रकार, दारू गाळल्याचं आणि बाटलीत भरल्याचं साल बहुधा असतं. वय पिंपातलंच मोजायचं. बाटलीत व्हिस्की मुरत नाही.

सराफ्यावरून, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातून, खाऊन आलास तर त्या दिवशी चाखूच नकोस, जिरावन मसाला आणि लसूण शेव जिभेवर बसून राहतात. इंदूरच्या मे महिन्यात खोली ३८ अंशांवर असेल तर नाकात नुसतं अल्कोहोल जातं. खोली गार कर, ग्लासात बर्फ नको.

तोंडाशी निमुळत्या ट्यूलिप ग्लासात २० मिली घेऊन दहा मिनिटं थांब. हुंगताना तोंड किंचित उघडं ठेव. ५८ टक्के अल्कोहोलची असेल तर आधी एक घोट तशीच, मग ड्रॉपरने एकेक मिली पाणी. ५ मिलीला ती ४६च्या आसपास येते. बोअरचं पाणी नको. ४६च्या खाली गढुळली तरी बिघडलेली नाही, थंड करून गाळलेली नसते एवढंच.

जमैकन रमचा वास पिकल्या केळ्यापासून पार नेलपॉलिशपर्यंत जातो. तो दोष नव्हे. साखरेचा संशय आला तर बशीत थेंबभर वाळव, चिकट राहिला तर साखर बहुधा घातलेली आहे.

आणि टिपणात ‘स्मूद’ लिहू नकोस. ‘आधी खजूर, गिळल्यावर चिंचेचा आंबटपणा’ असं लिही.