नाउरूला नेणार नाहीत, पण त्या एजंटचं ऐकू नका

ऑस्ट्रेलियात स्थायिक कसं व्हायचं, ते तुम्ही विचारलंत. तुमचा एजंट म्हणतोय, व्हिजिटर व्हिसावर इथे उतरा, मग 'प्रोटेक्शन'चा, म्हणजे निर्वासित म्हणून आसरा मागायचा अर्ज टाका, निकाल लागेपर्यंत काही वर्षं निवांत कमवा. वहिनींना धास्ती आहे की असं केलं तर मुलीसकट नाउरूच्या छावणीत टाकतील, म्हणजे ऑस्ट्रेलिया आसरा मागणाऱ्यांना ज्या पॅसिफिक बेटावर धाडते तिथे. व्हिसासाठी लागणारे पॉइंट, फी, इंग्रजीची परीक्षा हे सगळं सरकारी साइटवर आहे, त्यावर लिहीत नाही. वहिनींचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना.

नाही, नेणार नाहीत. ती शिक्षा बोटीने येणाऱ्यांना. विमानाने, रीतसर व्हिसा घेऊन उतरलेला माणूस अर्ज करून मेलबर्नमध्येच राहतो. 19 जुलै 2013 ला तेव्हाचे पंतप्रधान केविन रड यांनी जाहीर केलं की यापुढे बोटीने आलेल्या कुणालाही इथे वसू देणार नाही, तो खरा निर्वासित ठरला तरी. रवानगी पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर, नाहीतर नाउरूला. नाउरू हा अवघा 21 चौरस किलोमीटरचा देश. फॉस्फेट खणून खणून मधलं पठार भकास झालेलं, त्यातला पैसा कधीच उडालेला. मग छावणीचं उत्पन्न.

त्या लोकांचा आपल्याशी संबंध नाही असंही नाही. 2014 मध्ये पुदुच्चेरीहून निघालेल्या बोटीतल्या 157 तमिळ माणसांना ऑस्ट्रेलियाने जवळजवळ महिनाभर भर समुद्रात जहाजावर कोंडून ठेवलं, आणि शेवटी नाउरूला धाडलं. बहुतेक श्रीलंकेचे, भारतातल्या निर्वासित छावण्यांत राहिलेले.

तेव्हा मी ब्रिस्बेनला मालवाहतुकीच्या एका कंपनीत बिलं तपासायचो. नाउरूचे कंटेनर माझ्याकडे असत: तांदूळ, प्लास्टिकच्या खुर्च्या, तंबूंचं सामान. त्याच नोकरीच्या अनुभवपत्रावर माझे पीआरचे (कायम राहण्याच्या परवान्याचे) पॉइंट पुरे झाले. व्हिसा देणारं आणि त्या छावण्यांचे पैसे मोजणारं खातं तेव्हा एकच होतं. माझी फाइल त्या दिवसांत वडिलांच्या नावावर अडलेली. पासपोर्टवर 'दत्तात्रय', दाखल्यावर 'दत्तात्रेय'. ॲफिडेव्हिट केलं, ते चालेना, पुन्हा केलं, पुण्यातल्या भावाला किती हेलपाटे घातले विचारू नका. मी खात्याला शिव्या देत होतो आणि शेजारच्या ट्रेमधली नाउरूची बिलं पास करत होतो. नोकरी सोडावी असं वाटलं का? वाटलं. सोडली पीआर हातात पडल्यावर.

मुलीच्या शाळेचं विचारलंत. माझी मुलगी इंग्रजी माध्यमातून आलेली, तरी तिला वर्षभर नवशिक्यांच्या इंग्रजी वर्गात बसवलं. कुणी परीक्षा घेतली नाही, नाव बघितलं आणि बसवलं. अजून तिडीक जाते. नाउरूच्या छावणीतली शाळा 2015 मध्ये बंद झाली, मुलांना बेटावरच्या शाळांत पाठवलं, तिथल्या त्रासाने कितीतरी मुलं जाईनाशी झाली. 2018 मध्ये काही पोरांनी खाणं, बोलणं, उठणंच सोडलं. डॉक्टरांनी आरडाओरडा केला, तेव्हा कुठे फेब्रुवारी 2019 पर्यंत शेवटची मुलं बाहेर काढली. हे सगळं ठाऊक असूनही मला राग येतो तो माझ्या मुलीच्या वर्गाचाच जास्त. काय करणार!

एकटेपणा वगैरे होतो. मंडळ आहे, गणपती आहे, सवय होते.

आता एजंटचं. भारतीयांचे असे बहुतेक अर्ज फेटाळले जातात. एकदा फेटाळला की इथे बसून दुसरा व्हिसा मागायचे जवळपास सगळे दरवाजे बंद. अपिलात वर्षं जातात, तोवर मुलगी बारावी होते आणि विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्याची फी मागतं. शिवाय ज्याच्या जिवावर खरंच बेतलंय त्याची रांग तुमच्या अर्जाने आणखी लांबते. हे तुम्हाला टोचावं म्हणूनच लिहिलं.

आणि नाउरू हे जुनं प्रकरण समजू नका. ऑगस्ट 2025 मध्ये ऑस्ट्रेलियाचा नाउरूशी नवा करार झालाय, नाउरूला सुरुवातीलाच सुमारे 40 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. या खेपेला पाठवायचेत ते व्हिसा रद्द झालेले, पण मायदेशी धाडता न येणारे लोक, त्यातले बरेच शिक्षा भोगून सुटलेले. म्हणजे बोटीचीही अट राहिली नाही.

एजंटला ऑस्ट्रेलियातला नोंदणी क्रमांक विचारा आणि सरकारी यादीत स्वतः तपासा. आढेवेढे घेतले तर उठून या. आगाऊ रक्कम दिली असेल तर पावती मागा. आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर आत्ताच जुळवून घ्या.