ध्वजवंदनाला आलेली भोवळ

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. १५ ऑगस्टला उपाशीपोटी शाळेत गेला आणि भाषणं चालू असताना उभ्याउभ्या कोसळला. सरांनी उचलून खुर्चीत बसवलं, तेव्हा त्याचे हातपाय झटकले. पडून राहिल्यावर मिनिटभरात नीट बोलायला लागला. शेजारी म्हणतात फिट आहे, मेंदूला रक्त कमी पडतंय, मानेच्या शिरांची सोनोग्राफी करा. करू का?
– एक आई, सांगली

उत्तर : शेजाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. रक्त कमी पडलं, पण काही सेकंदच, आणि त्यात मानेच्या शिरांचा दोष दिसत नाही. सोनोग्राफीचे पैसे वाचवा.

मेंदूला मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त लागतं आणि शिल्लक काहीच नसते. पुरवठा ६ ते ८ सेकंद तुटला की शुद्ध जाते. उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात-पायांत उतरतं. चालताना पोटऱ्या ते वर ढकलतात, ‘सावधान’मध्ये त्या गप्प. त्यात ऊन, रिकामं पोट. मग एकाएकी नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, प्रेशर उतरतं.

कोसळणं हाच खरं तर शरीराचा इलाज. आडवं झालं की रक्त आपसूक डोक्याकडे येतं. सरांनी मायेनं खुर्चीत बसवलं आणि तोच इलाज थांबला, म्हणून झटके. फिट असती तर नंतर बराच वेळ भांबावलेला राहिला असता.

मी स्वतः एमबीबीएसला असताना पहिलंच हर्नियाचं ऑपरेशन बघताना पडलोय. मास्क आतून घामानं ओला, सरांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. डोळे उघडले तर मी फरशीवर आणि सिस्टरनी माझे पाय स्टुलावर ठेवलेले.

एक ईसीजी आणि आडवं-उभं असताना प्रेशर, एवढं मात्र करून घ्या. धावताना किंवा झोपलेला असताना शुद्ध गेली, आधी छातीत धडधडलं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे.

२६ जानेवारीला पोटभर खाऊन, पाणी पिऊन पाठवा. अंधारी येतेय वाटलं की पायांची कात्री करून मांड्या आवळायच्या. नाहीच जमलं तर लाज न धरता खाली बसायचं. सरांना सांगून ठेवा, खुर्ची नको. कुणी कांदा फोडून आणलाच, तर त्याला पाय उचलून धरायचं काम द्या.