वजाबाकी करत गेलं की शेवटी ६१७४च का येतं?

तुमचा प्रश्न असा: चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी ६१७४च येतं, यामागे काही कारण आहे की निव्वळ योगायोग? माझ्या मते दोन्ही आहे, आणि कुठलं किती ते वेगळं करून बघण्यातच मजा आहे.

आधी एक उदाहरण. १९४७ घ्या.

९७४१ − १४७९ = ८२६२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे ७६४१ − १४६७ केलं तरी ६१७४च. कुठूनही सुरुवात करा, सात वजाबाक्यांच्या आत तिथे पोचताच. चारही अंक सारखे तेवढे नकोत. आणि पुढचं शून्य गाळू नका, बरेच जण इथेच अडकतात. २१११ − १११२ = ९९९ आलं की ९९९ − ९९९ = ० करून मोकळे होतात. ते ०९९९ धरा; ९९९० − ०९९९ = ८९९१ येईल आणि गाडी रुळावर राहील.

आता कारण. उतरत्या क्रमाने अंक क, ख, ग, घ असतील, तर वजाबाकी येते ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग). म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. पहिला फरक १ ते ९ आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असूच शकत नाही, म्हणून उत्तरं फक्त ५४ शक्य आहेत. हजारो संख्या पहिल्याच पायरीला ५४ वर येतात! एवढ्या थोड्या संख्यांत फिरताना कधीतरी जुनी संख्या परत येणारच आणि तिथून फेरा सुरू होणारच.

पण फेरा एकच असावा आणि त्यात एकच संख्या असावी, हे मात्र या सूत्रातून आपोआप निघत नाही. त्या ५४ संख्या तपासल्यावरच ते कळतं. तीन अंकांत असंच ४९५ येतं. दोन अंकांत मात्र ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असं चक्र चालू राहतं. पाच अंकांत तर एकही संख्या स्थिर नाही.

हे शोधलं ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी, १९४९ साली. संगणक हाताशी नसताना एका शिक्षकाने हे हेरलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

त्यांनीच ज्यांना हर्षद संख्या म्हटलं, म्हणजे अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या, त्यांतही ६१७४ बसते. बेरीज १८, आणि ६१७४ ÷ १८ = ३४३, म्हणजे ७ चा घन. शिवाय १८, १८ चा वर्ग ३२४ आणि १८ चा घन ५८३२ यांची बेरीजही ६१७४च!

मला हा गुण वजाबाकीपेक्षाही आवडतो. वजाबाकीचा खेळ दशमान पद्धतीवर अवलंबून आहे; पण याच बेरजेला १८ ने भागून मिळणारं १ + १८ + ३२४ = ३४३ हे कुठल्याही पद्धतीत लिहिलं तरी खरंच राहतं. आणि १, एखादी धन पूर्ण संख्या व तिचा वर्ग यांची बेरीज पूर्ण घन होते, अशी १८ ही एकमेव संख्या आहे. हे सिद्धही झालेलं आहे.